चारशे बारा रोहित

१४ जानेवारी १९९४, शुक्रवार. वडजाई तलाव

आज संक्रांत, आणि तिळगूळ वाटत फिरायचं सोडून मी पाठीवर दहा किलोची सॅक लादून विट्याच्या पुढे एका फाट्यावर एसटीतून उतरले. वाईला आई कपाळावर हात मारून बसली असेल. सांगलीत शाळेची नोकरी लागून सात महिने झाले, पण आपली माणसं मिळाल्यासारखं आज पहिल्यांदा वाटतंय.

आम्ही तिघंच. नारायणकाका निवृत्त चित्रकला शिक्षक, वीस वर्षं हिवाळ्यात पक्षी मोजतात. अवधूत माझ्या घरमालकीण गोदावरीकाकूंचा एकुलता एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आणि मी, नवखी. निघताना काकूंनी गुळाच्या पोळ्यांचा डबा त्याच्याकडे न देता माझ्याकडे दिला. त्याच्याकडे दिला तर सांगलीच्या वेशीपर्यंतसुद्धा टिकायचा नाही म्हणाल्या. तू आहेस म्हणून याला सोडते, असंही म्हणाल्या. तेव्हापासून हा पठ्ठ्या एसटीत खोकायलासुद्धा माझी परवानगी मागत होता.

धरणाच्या भिंतीवर देवीचं देऊळ, त्याच्या मागे आमचा तंबू. तलावाचं दुसरं टोक सगळं गाळाने भरलंय. तिथे माणूस बुडेल एवढं उंच पाणकणीस, आणि पलीकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! चिखलावर कुणी गुलाबी धुणं पसरून ठेवल्यासारखे. मला रडूच आलं. अवधूत म्हणाला, ताई, डोळे पूस, नाहीतर मोजणी चुकेल.

१५ जानेवारी

दिवसभर पायपीट. सदतीस जातींचे पक्षी नोंदले. पैकी एक अवधूतने बनवलेला होता, तो काकांनी खोडला.

दुपारी लालासाहेब दूध घेऊन आले. फौजेतून रिटायर झालेले, तळ्याकाठी त्यांचा ऊस आहे. त्यांनी बजावलं, "त्या अंगाला जाऊ नगासा. उन्हाळ्यात आमीच गाळ उपसून रानात टाकलाय. लय खड्डं हायती, वर नुसती साय धरलीया." काका म्हणाले, आम्ही कडेकडेनेच जाणार.

मोजणी उद्या उजाडता. काकांचे नियम कडक आहेत. बोलायचं नाही, शिंकायचं नाही, कुणाला थांबवायचं तर पंजा वर करायचा. एका आवाजाने सगळा थवा उठतो आणि वर्षाची नोंद वाया जाते. काका भिंतीवरून बदकं मोजणार, अवधूत पाणकणसातली पाखरं, आणि रोहित मी! नवी नजर चुकत नाही म्हणाले. मी काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालंय.

१६ जानेवारी, रविवार

अवधूत गेला.

लालासाहेब आणि चार माणसांनी दोर टाकून काढला. फौजदारांनी विचारलं, काही आवाज ऐकलात का. मी नाही म्हणाले.

२० जानेवारी. सांगली

इथे तरी खरं लिहिते.

पावणेसात वाजले होते. दुर्बीण डोळ्यांना, ओठात आकडे. दोनशे साठच्या आसपास मागून, वीसेक पावलांवरून, अवधूत म्हणाला, "ताई, जरा ये गं." अगदी हळू. वर्गात मागच्या बाकावरून पेन्सिल मागावी तसा. मला वाटलं काहीतरी दाखवायचंय, किंवा नेहमीची थट्टा. मान न वळवता मी पंजा वर केला. थांब.

तो थांबला. मग पुन्हा, "ताई, लवकर ये." मी पुन्हा पंजा वर केला, जरा रागानेच. तीनशे चाळीस चालले होते. नंतर एकदा नुसतं "ताई". त्यानंतर काही नाही.

मी चारशे बारापर्यंत मोजले. मग वळले. पाणकणसात पाणी हलत होतं आणि त्याची टोपी होती.

तो ओरडला का नाही? थवा उठू नये म्हणून. माझी पहिली मोजणी मोडू नये म्हणून. गळ्यापर्यंत गाळ आला तरी त्या पोराने नियम पाळला. एकही पक्षी उडाला नाही.

२८ जानेवारी

आज तेरावा. नारायणकाका ओळखू येत नाहीत इतके वाळले. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं आणि पुन्हा विचारलं, हाक मारली नव्हती ना गं त्याने? मी मान हलवली. काकू म्हणाल्या, बरं झालं, घाबरायला वेळच मिळाला नसेल माझ्या बाळाला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन होईना. त्यांना सांगायलाच हवं. सांगितलं तर त्यांची एवढीशी समजूतही जाईल, आणि नाही सांगितलं तर मी त्यांच्या हातचं कसं खाऊ?

४ फेब्रुवारी

आठवी ब ला कवायतीला उभं केलं. रांग मोजत होते. एकतिसाव्या मुलीवर बोट ठेवलं आणि मागून, हळू, "ताई, जरा ये गं."

मागे शाळेची भिंत होती. मुलींनी काही ऐकलं नाही. मोजणी सोडून दिली तसा आवाज थांबला.

मनाचे खेळ. दुसरं काय असणार.

९ फेब्रुवारी

मोजलं की येतो. जिन्याच्या पायऱ्या. कुकरच्या शिट्ट्या. परीक्षेचे गठ्ठे. काही मोजायचं नाही असं ठरवलं, पण मन आपलं आपणच मोजतं. झोपेतसुद्धा. दोनशे साठ आलं की जाग येते.

काकूंनी आज खाली जेवायला बोलावलं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

१२ फेब्रुवारी

उंबऱ्यात गाळ. काळा, बारीक. हाताला थंड. पुसला.

खाली वाटेवर पावलं नाहीत. कुठून—

मोजत नव्हते तरी आवाज आला. आता मोजावं लागत नाही.

१५ फेब्रुवारी

काकू वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पहाटे तो दिसतो मला, अंगणात, तुळशीच्या पलीकडे. मला हाक मारत नाही. तुझ्या खोलीकडे बघतो, ताई म्हणतो. मग असं करतो. आणि काकूंनी पंजा वर केला.

हुबेहूब.

त्यांनी विचारलं, हे काय असतं गं, वल्लरी? कसली खूण आहे ही?

काकू हळूहळू जिना उतरून गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

१६ फेब्रुवारी, सकाळ

काकू, ही वही तुमच्या दारात ठेवणार आहे. वीस जानेवारीचं पान वाचा. तोंडाने सांगवलं नाही. माफी मागत नाही, मागायला तोंडच नाही. त्याने हाक मारली होती. तीनदा. मी ऐकली होती. तुम्ही त्याला माझ्या भरवशावर पाठवलंत आणि मी—

आलाय. खोलीत. पाण्याचा वास.

अजून हळूच बोलतो, काकू. अजून पाखरांना जपतो.

दोनदा म्हणून झालं. लवकर ये म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणू देणार नाही. हात खाली ठेवलाय. आले रे बाळा, असं मोठ्याने म्हटलं मी, सगळी पाखरं उडाली तरी उडू देत. आता वळून—