बावीस फ्लॉप्यांची वाटणी

परभणी,
गुरुवार, ९ डिसेंबर १९९३

तीर्थस्वरूप लिंबाजीमामांच्या पायी भुजंगाचा दंडवत.

परवा मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी एक बटन दाबलं आणि माझ्या जिंदगीचं वाटोळं झालं. (तुमचा गुडघा कसा आहे? मनकर्णामामींनी धाडलेली शेंगदाण्याची चटणी पोचली. बरणी फुटकी पोचली, त्याचा राग वेगळा आहे.) इकडची खुशाली विचारू नका. रागाच्या भरात लिहायलोय. अक्षर लागलं नाही तर मामीकडून वाचून घ्या, पण मधला मजकूर त्यांना वाचू देऊ नका.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलं आणि दिनकरराव-किशनराव या सख्ख्या भावांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुमच्यामुळं अख्ख्या बोरी गावाला ठाऊक आहे.) क्लासात कॉम्प्युटर एकच. त्याच्यावर भाऊ दोन. पाटीवर नाव कोणाचं वर यावरून त्यांचं दिवाळीत फाटलं. तिकडं विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल एकवेळ लागंल, पण या पाटीचा लागणार नाही, हे दिसल्यावर त्यांनी वाटणीच करायची ठरवली. बाकं मोजून घेतली. पंखा थोरल्याला गेला आणि त्याचा रेग्युलेटर धाकट्याला. (तेव्हापासून दोघांनाही उकडायलंय, पण बोलत कोणीच नाही.) राहिला कॉम्प्युटर. तिथं मी शहाणपणा केला. म्हणालो, मशीन एकच राहू द्या, सकाळी एकानं वापरा, दुपारी दुसऱ्यानं. आत हार्ड डिस्क म्हणून डबी असते, लिहिलेलं सगळं तिच्यात राहतं, तिचे मी दोन वाटे पाडून देतो. पण आधी सगळं फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायचं, कारण वाटे पाडताना डिस्क कोरी होते. मग उतरवलेलं परत भरायचं. हे मी तीनदा सांगितलं, एकदा तर बाकावर उभं राहून!

पंच म्हणून आबासाहेब आले. त्यांनी आयुष्यात तीनशे एकर जमीन वाटली आहे, पण डबी पहिलीच. रिवाज तोच: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणून थोरल्या दिनकररावांनी गुमान कागदावर निम्मे-निम्मे पाडले. पण मशीन सुरू होतं ते पहिल्या वाट्यावरून, हे माझ्या तोंडून गेलं आणि पेटलं. दोघांनाही पहिलाच वाटा पाहिजे. दिनकरराव म्हणाले, "इहीर त्याच्या वाट्यात आन् मी काय रोज घागर घिऊन त्याच्या दारात जाऊ?" शेवटी आबासाहेबांनी निकाल दिला की विहीर सामाईक, पहिला वाटा किशनरावांचा. सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा खुशीत येऊन बोललो, आमचे लिंबाजीमामा म्हणतात, वाटणीत सुईसुद्धा सामाईक ठेवू नये, तिच्यावरूनच पुढं डोकी फुटतात. (मामा, हे वाक्य तुमचं आहे. याचा हिशेब आपण समोरासमोर करू.)

बावीस फ्लॉप्या भरल्या, नंबर घातले, चार तपासून पाहिल्या. मशीननं विचारलं, खरंच पुसू का? मी 'वाय' दाबलं. वाटे बिनचूक पडले. मग पाच मिनिटं हात-तोंड धुवायला गेलो. परत येऊन बघतो तर आबासाहेबांनी फ्लॉप्या वाटलेल्या! एक याला, एक त्याला, एक याला, एक त्याला. अकरा-अकरा. बरोबर समान पडल्या म्हणून म्हातारा खूश. आणि दोघांनी आपापल्या ट्रंकेत घालून कुलपं लावलेली!

मी ओरडलो, बावीसच्या बावीस ओळीनं लागतात, एकीनंतर दुसरी मिळाली नाही तर मशीन पुढं सरकत नाही! आबासाहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्या मामाचंच सांगणं हाय न्हवं? सुईसुद्धा सामाईक न्हाई." दिनकरराव म्हणाले, दोन नंबरची त्याची, ती माझ्या हद्दीत येणार नाही. किशनराव म्हणाले, माझ्या वाट्याला एक नंबर का नाही? इथं मी डस्टर फेकलं. (कोणाला लागलं नाही. पंख्याला लागलं.)

तीनशे पोरांचे मार्क गेले, जाऊ द्या, निम्म्यांना आनंदच होईल. पण मामा, त्यात माझं एक गेलं. दिनकररावांची पोरगी रुख्मिणी सकाळी क्लासात टायपिंग करते. आठ महिने आम्ही तोंडानं एक शब्द बोललो नाही. एक फाईल होती, तिच्यात ती सकाळी एक ओळ लिहायची, मी दुपारी एक. सोमवारी मी लिहिलं, माझ्याशी लग्न करशील का? मंगळवारी सकाळी तिनं उत्तर लिहिलं, मी तिला लिहिताना पाहिलं! पण लगेच आबासाहेब चष्मा पुसत माझ्या खांद्याला खांदा लावून बसले. म्हटलं फ्लॉपीवर उतरवतोच आहे, दुपारी निवांत वाचू. आता माझ्या जन्माचं उत्तर दोन ट्रंकांत अकरा-अकरा करून पडलं आहे आणि दोन्ही किल्ल्या दोघा भावांच्या कमरेच्या करगोट्यांना. तुमच्या सुईनं माझाच डोळा फुटला.

रागात काही जास्तीचं लिहिलं असल्यास पोटात घालावं. (घालू नका. लिहिलं ते बरोबर आहे.)

आपला भाचा,
भुजंग

ता.क. – खरं काम हे, की पहिल्या एस.टी.नं या. आबासाहेब फक्त तुमचं ऐकतात. अर्ध्या तासासाठी फ्लॉप्या एकत्र करून द्या, बाकी मला कोणाचं काही नको.

ता.क. २ – फ्लॉप्यांसाठी येऊ नका. हे क्लासातच बसून लिहायलोय, तेवढ्यात रुख्मिणी आली. मी मान खाली घालून सांगितलं की उत्तर हरवलं, मामा येऊन काढून देतील. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "येडा हायेस का? तीन दिस झाले ट्रंकेभवती फिरायलास. मी हितंच हाय की. मलाच इचारायचं!" आठ महिन्यांतला पहिला आवाज, आणि त्यात मला येडा म्हणाली. मग उत्तर सांगितलं: आधी बी.एस्सी. पुरी कर, मग मामाला बाबाकडं धाड.

म्हणजे आता ज्या सरांशी भांडलो त्यांच्याच दारात जाऊन हात जोडायचे. डोकं भणभणायलंय. तरी पत्र खिशात घालून तिकडंच निघालो आहे. दार ओढून घेतो. आपटणार होतो, पण ते तिच्या बापाच्या वाट्याचं आहे.