चौसष्टावी सही

११ जानेवारी, रविवार
सकाळी अकराला आमच्या केंद्रातली नर्स वनिता दारात. आशागडला भावाकडे आली होती म्हणे, तिथून चालत डहाणूला माझ्याकडे. हातात निळी फाइल. "सिस्टर, लॉगबुक आणलंय."

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन हिला बारा वर्षं झाली. आता घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग पुरं करतेय. लेक्चर मोबाइलवर, आणि प्रॅक्टिकल आपल्याच आरोग्य केंद्रात, डिग्रीवाल्या वरिष्ठ सिस्टरसमोर. आमच्याकडे डिग्रीवाली एकटी मी. आलिया भोगासी.

चौसष्ट प्रक्रिया, चौसष्ट सह्या. म्हटलं आण, बसल्या बसल्या करून टाकते. तीन पेनं काढली. निळं, काळं आणि ते जेलचं. वेगवेगळ्या दिवशी केल्यासारखं दिसतं. माझ्या वेळी आमच्या मॅडमनी कॅन्टीनमध्ये वडा खात खात असंच केलं होतं. सगळे असंच करतात.

तिने फाइल परत ओढली. "असं नको सिस्टर. मी एकेक करून दाखवते. तुम्ही बघा, मग सही करा."

मी म्हटलं, चौसष्ट? वेड लागलंय का? हिने चहा घेतला, पोहे खाल्ले, गेली. हे आतून म्हणाले, "तुला रिटायरमेंटच्या वर्षी शाळा लागली." हसू नका म्हटलं.

१३ जाने.
प्रक्रिया क्र. १ : हात धुणे. हात धुणे! बत्तीस वर्षं नोकरी झालेल्या बाईने उभं राहून दुसरीचं हात धुणं बघायचं. कुसुम मावशी (आमची आया) दारात उभी राहून फिदीफिदी हसत होती.

वनिताने धुतले. नखं, अंगठे, बोटांच्या बेचक्या, मनगटं. मी घड्याळ बघत होते, संपेचना. सही केली.

नंतर माझे धुतले. अंगठे मी धुतच नाही. कधीपासून, कोण जाणे.

१९ जाने.
नऊ झाल्या. डोकं दुखतं. ही मध्येच थांबते आणि विचारते, "सिस्टर, चुकलं तर सांगा हं." चुकतच नाही तर काय सांगू? शोधून शोधून एक चूक काढली, ट्रे डाव्या हाताला ठेवला म्हणून. तिने लगेच वहीत लिहून घेतलं. मलाच लाज वाटली.

२५ जाने., रविवार
आज ड्युटी आणि वनिताचा ऑनलाइन क्लास, दोन्ही एकदम. मोबाइल लेबर रूमच्या बाहेरच्या खिडकीत ठेवलेला. आत एक बाई कळांनी ओरडत होती. तिकडून मॅडमचा आवाज : प्लीज, ज्यांच्या घरी टीव्ही चालू आहे त्यांनी म्यूट करा.

व.ने मोबाइल उचलला, म्हणाली, "टीव्ही नाही मॅडम, डिलिव्हरी आहे. मी दहा मिनिटांत येते." आणि आली पण! हात पुसत पुन्हा क्लासला. मॅडमनी विचारलं, काय झालं? "मुलगी, दोन किलो आठशे." सगळ्या क्लासने टाळ्या वाजवल्या. मी उगीचच छाती काढून फिरत होते, जणू मीच जन्म दिला.

एक विचारलं तिला, कशाला हा खटाटोप? पगार फारसा वाढत नाही. म्हणाली, "मला नर्सिंग स्कूलला शिकवायचंय. आमच्या पाड्यातल्या मुली येतात ना शिकायला, इंग्रजी ऐकून पळून जातात. मी पण पळाले होते. बापाने परत नेऊन सोडलं." मग हळूच सांगितलं की नोंदणीचं हे शेवटचं वर्ष. दोन वर्षं सासऱ्यांच्या आजारपणात गेली. १५ एप्रिलला संध्याकाळी पाचपर्यंत लॉगबुक अपलोड झालं नाही तर नोंदणीच रद्द. पास झालेले पेपरही पाण्यात.

आणि ही मला चौसष्ट बघायला लावते!

५ फेब्रु., गुरुवार


गरोदर बायकांची तपासणी होती आज. प्र. क्र. २२, बीपी मोजणे. व. मोजत होती, मी शेजारी. रांगेत एक पोरगी, गुजरातच्या हद्दीवरच्या झाईला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पाय सुजलेले. व.ने पट्टा बांधला, मोजलं, थांबली. पुन्हा मोजलं. माझ्याकडे बघितलं. मी स्टेथो घेतला. १६०/११०.

"डोकं दुखतं का गं?" तर म्हणे दोन दिवस दुखतंय, ऊन लागलं असेल. लघवी तपासली, त्यातही प्रोटीन. डॉक्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून पहिलं इंजेक्शन दिलं, १०८ बोलावली, डहाणूला पाठवली. तिला बघायला झाईहून आलेली सासू रडायलाच लागली, "बेन, मारी वहूने शुं थयुं?" व. सासूशी गुजरातीत बोलली, सुनेला काही होणार नाही म्हणाली, पाठीवरून हात फिरवला, गाडीत बसवलं.

गाडी गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. जानेवारीचं पान. त्या पोरीचं नाव. बीपी १२०/८०. अक्षर माझं.

त्या पानावर सगळ्या बायकांचं १२०/८०. खालपासून वरपर्यंत. गर्दी होती, मी पट्टा बांधलाच नव्हता. मशीनच्या पेटीचं झाकणसुद्धा उघडलं नसेल त्या दिवशी.

६ फेब्रु.
झोप नाही. सकाळी व.ला एका बाजूला घेऊन सांगितलं. ते पान माझं आहे.

"माहितीये," म्हणाली. काल रजिस्टर तिनेही बघितलं होतं. मग म्हणाली, "माझं मागच्या वर्षीचं बघा. तसंच आहे. माझ्या पानावरची एक बाई वाचली नाही, सिस्टर. बीपीनेच गेली असं नाही म्हणत मी. पण मला कळायचा मार्गच नाही ना आता. मोजलंच नव्हतं."

एवढं बोलून ड्रेसिंगचा ट्रे लावायला गेली. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. कुसुम मावशीने पाणी आणून दिलं.

९ फेब्रु.
झाईच्या पोरीचं सीझर झालं. मुलगा. दोघं ठीक. वनिताने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "क्र. २३ घ्यायची का?" घेतली. आजकाल मीच विचारते, पुढची कधी?

८ मार्च, रविवार
महिला दिन. तालुक्याच्या हॉलमध्ये मला शाल, नारळ, आणि माझ्या सेवाभावावर कोणीतरी वीस मिनिटं भाषण केलं. घामाने जीव नकोसा झाला. मनात एकच, अरे बाबांनो, शाल चुकीच्या खांद्यावर घातलीत. ती तिकडे उपकेंद्रात लसीकरण करतेय आणि जेवलीही नसेल.

परत येताना नारळ तिला दिला. "याचं काय करू?" म्हटलं फोड आणि खा. एक्कावन्न झाल्या.

तिला सांगून टाकलं, तुझ्यासारखी नर्स मी माझ्या नोकरीत बघितली नाही. ती इतकी ओशाळली की नारळ फोडायलाच निघून गेली.

२९ मार्च
त्रेसष्ट. एकच उरली. क्र. ६४ : जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास देणे. बाहुलीवर केलेलं चालत नाही. खरं बाळ, आणि समोर मी.

आता काय करायचं? देवा, एक बाळ न रडणारं येऊ दे, असं कसं म्हणायचं? तोंडातून निघणार होतं, जीभ चावली. वनिता म्हणाली, "नाही आलं तर बरंच की, सिस्टर." आणि खरंच मनापासून म्हणाली. डिग्री जाईल याचं तिला वाईट वाटतच असेल, पण दर बाळंतपणाला बाळ रडलं की तिचा चेहरा बघावा. असा फुलतो.

मी मात्र दर वेळी मनात हिशेब करते, गेला चान्स. किती वाईट बाई आहे मी.

४ एप्रिल
विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा. मला प्रथमोपचार केंद्रावर पाठवलंय. गडावरून उतरताना मुरगळलेले पाय, उन्हाने चक्कर, सुक्या मासळीच्या बाजारात हरवलेली एक आजी. धुळीने घसा बसला. दुपारी सव्वादोनला कुसुम मावशीचा फोन. गोंगाटात ऐकू येईना, पत्र्याच्या मागे जाऊन कान लावला.

"इन्चार्ज बाई, पोर झाला तो रडला नाय! निळा होता! वनिता सिस्टरनी फुगा दाबून दाबून रडवला. आता दूध पितो!"

मी मोठ्याने ओरडले. शेजारचा पोलीस धावत आला, त्याला वाटलं चोर. त्याला पण सांगितलं. त्याने टोपी काढून महालक्ष्मीच्या गडाकडे हात जोडले.

५ एप्रिल
आज जाऊन सगळं ऐकलं. पुसलं, पाठ चोळली, नाही. मान सरळ करून मास्क लावला, अंबू बॅग, म्हणजे मावशीचा तो फुगा, दाबायला घेतली. डॉक्टर शिबिराला गेलेले. वनिता मोठ्याने मोजत होती, मावशी घड्याळ धरून. मिनिटाने छाती हलायला लागली, मग बारीकसा आवाज, मग जोरात. मावशी सांगतानाही रडत होती.

मी पर्स उघडली, पेन काढलं. "आण ती फाइल. चौसष्ट."

वनिता म्हणाली, "तुम्ही विवळवेढ्याला होतात."

मग माझा पारा चढला. काय वाट्टेल ते बोलले. बाळ खोटं आहे का? तू केलंस ते खोटं आहे का? मग सही कसली खोटी? एवढी वर्षं घालवलीस, घरचं सांभाळून अभ्यास केलास, आणि एका सहीसाठी अडून बसतेस? अक्कल गहाण टाकलीस का?

ती म्हणाली, "त्या रकान्यात लिहिलंय, माझ्या देखरेखीखाली. देखरेख नव्हती. तुम्हीच सांगा, असेल तर करा."

फाइल टेबलावर आपटून घरी आले.

६ एप्रिल
बोलत नाही मी तिच्याशी. डॉक्टरही म्हणाले, करून टाका सही, काय बिघडतं? हेही तेच म्हणाले. सगळ्यांचं एकच. फक्त जिचं नुकसान आहे तीच नाही म्हणते.

राग येतो आणि त्याच वेळी असं वाटतं की हिच्या पायाला हात लावावा. दोन्ही एकदम. असं कधी झालं नव्हतं.

१० एप्रिल
चार बाळंतपणं झाली या आठवड्यात, चारही पोरं जन्मताच बोंबलली. आज चौथं रडलं तेव्हा मला आनंद झाला. नुसता आनंद, हिशेब नाही. वनिताने माझ्याकडे बघितलं. अबोला सुटला. मी म्हटलं, चहा घेऊ या.

तिची मोठी मुलगी दवाखान्यात आली होती. म्हणाली, "आई पास झाली की आम्ही सगळे चौपाटीवर जाणार, पाणीपुरी." मी मान फिरवली.

१४ एप्रिल
सुट्टी, तरी केंद्रात गेले. फाइल पुन्हा पानापानाने बघितली. चौसष्टाव्या ओळीत वनिताने बाळाची वेळ, वजन, सगळं लिहिलंय. स्वच्छ अक्षरात. सहीचा रकाना रिकामा. कोरी ओळ असलेलं लॉगबुक आपोआप परत येतं, असं त्यांच्या सूचनांत आहे. परत आलं की संपलं.

विद्यापीठाच्या हेल्पलाइनला फोन लावला, सही करणारी हजर नसताना झालेली प्रक्रिया तशीच लिहून चालेल का विचारायला. सुट्टी असूनही उचलला. म्हणाले, तसा नियम नाही, मॅडम. मग अशा वेळी काय करतात? म्हणाले, सगळे सही करतात.

१५ एप्रिल, बुधवार
साडेतीनला वनिताला खुर्चीवर बसवलं. म्हटलं फाइल दे, खोटं लिहिणार नाही. दिली.

इंग्रजीत लिहायला घेतलं. दोनदा खोडलं, सुचेना. मग मराठीतच, रकान्यात मावेना म्हणून समासात उतरून :

"ही प्रक्रिया झाली तेव्हा मी तिथे नव्हते, यात्रेच्या ड्युटीवर होते. वनिताने ती एकटीने केली. आया हजर होती, तिचा अंगठा सोबत आहे. बाळ जिवंत आहे, पाड्यावर आहे, येऊन बघावे. वरच्या त्रेसष्ट सह्या मी समोर उभी राहून, डोळ्यांनी बघून केल्या आहेत. माझ्याकडे अशी सही करण्याची पद्धत नव्हती. ती मी या मुलीकडून शिकले."

खाली सही, हुद्दा, तारीख. कुसुम मावशीने अंगठा उठवला, जरा जास्तच शाई लावून.

वनिताने वाचलं. पुन्हा वाचलं. "सिस्टर, शेवटची दोन वाक्यं काढा. तुमची चौकशी लागेल. रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत." म्हटलं लागू दे.

"हे चालेल का पण त्यांना?"

म्हटलं मला माहीत नाही गं.

चार चाळीसला फोटो काढून अपलोड केलं. मोबाइल मी धरला, बटण तिने दाबलं. स्क्रीनवर आलं : प्राप्त, तपासणी चालू. त्यापुढे काही नाही.

ती हात धुवायला गेली, लेबर रूममध्ये बाई आली होती. मला निघायचं होतं, पावणेसहाची एस.टी. होती. पर्स काढून ठेवली आणि आत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.