तुझ्या कादंबरीतली शेवटची म्हातारी

प्रिय समिधा,

पुस्तक पोचलं. पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात माझं नाव बघून ते पान सगळ्या घराला दाखवलं, खोटं कशाला बोलू. तुला पुरस्कार मिळाल्याची बातमी मी साजगावच्या कारखान्यात, आमच्या लॅबमध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती. ही माझी मैत्रीण, भिवपुरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, असं सगळ्यांना सांगत फिरले. रोहिदास सुपरवायझरने पेढे मागितले, तेही दिले. म्हणजे बघ, मी काही आधीपासून फुरंगटून बसले नव्हते. पण पुस्तक वाचून मिटलं आणि डोकं जे फिरलं, ते चार दिवस झाले तरी जागेवर येत नाही. तेव्हा हे पत्र गोड होणार नाही, आधीच सांगते.

तू लिहितेस छान, त्यात वादच नाही. दोन हजार एकशे सत्तर साल, पाण्याखाली गेलेली मुंबई, माथेरानच्या माथ्यावरचं काचेचं शहर, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. ते शहर चालवणारी माणसं पुण्याची आहेत, केरळची आहेत, एक तर चंद्रावर जन्मलेला आहे. आणि आमच्यातलं कोण? एक म्हातारी. अख्ख्या ठाकर जमातीतली शेवटची. पोलादी पेटीतलं नाचणीचं बियाणं कवटाळून बसते, झाडांशी बोलते आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात मरते. तिच्या मरणावर भलेभले समीक्षक रडले म्हणे. मला नाही आलं रडू. मला एवढंच विचारायचं होतं, बाकीचे कशाने मेले गं? मुंबई बुडवायला तू बावीस पानं घेतलीस. आमच्यासाठी एक ओळही नाही. आम्ही नुसते संपलो, जसे काही संपणारच होतो.

माझं एकटीचं असतं तर गिळलं असतं. पण पुस्तक माझ्याआधी हर्षलाने वाचलं. माझी लेक यंदा दहावी झाली, चौऱ्याऐंशी टक्के, अकरावीला विज्ञान घ्यायचं म्हणून वर्षभर नाचत होती. तुझं पुस्तक संपवलं आणि फॉर्म भरायचं टाळायला लागली. आज नको, उद्या बघू. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आई, विज्ञान शिकून काय करू, विज्ञानवाल्यांच्या जगात आपण नसतोच. भांडून म्हणाली असती तर चाललं असतं. शांतपणे म्हणाली गं, बसची वेळ सांगावी तसं. मी रोज रसायनांची शुद्धता तपासते, माझ्या सहीशिवाय टँकर गेटबाहेर जात नाही, आणि माझ्याच घरात हे ऐकावं लागलं.

मग मी आईला तुझी गोष्ट सांगितली. ती अजून तुझी आठवण काढते, भिवपुरीच्या पावरहाउसवाल्यांची पोरगी म्हणून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हातारी एकटीच कशी उरली गं, बाकीची काय बाजाराला गेली हायेत? आम्ही पोट धरून हसलो. हर्षलासुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसता मी भडकले, कारण आईने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी तू वही घेऊन आमच्या वाडीत पंधरा दिवस राहिलीस. आईने वाळक्या भोपळ्यात राख घालून ठेवलेलं नाचणीचं बी तुला दाखवलं, तू फोटो काढलेस. ते आलं कुठून हे काही तू विचारलं नाहीस. त्या साली आमचं छप्पर गळून घरचं सगळं बियाणं कुजलं होतं. तुझ्या हातातलं बी माझ्या चांगोदादाच्या सासरवाडीहून आणलेलं होतं, आणि तिकडे ते कधीतरी आईनेच दिलेलं. आमच्यात बी एका घरात ठेवतच नाहीत, बाई! थोडं बहिणीकडे, थोडं जावेकडे, थोडं पलीकडच्या वाडीत. ज्याचं जाईल त्याने मागायचं, ज्याच्याकडे असेल त्याने द्यायचं. म्हणजे तुझी पेटी झूठ आणि ती एकटी म्हातारीही झूठ. आम्हाला संपवायचं तर एकेका घरात शिरावं लागेल तुला, आणि तेवढी तुझ्याकडे पानं नाहीत.

सगळ्यांत जास्त काय लागलं सांगू? शाळेत वाचनालयातून विज्ञानकथा आणून आपण दोघी त्यांचा फडशा पाडायचो. मग वाडीची चढण चढताना मी पुढची गोष्ट जुळवायचे आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुला सांगायचे. मंगळावर पाणी शोधायला निघालेलं आपलं यान, मी चालक आणि तू दुर्बीणवाली. तेव्हा मी अवकाशात निघालेली तुला खटकत नव्हते. मोठी लेखिका झालीस आणि मला यानातून उतरवलंस. तू हे मुद्दाम केलं नाहीस, ते मला कळतं. म्हणूनच जास्त राग येतो.

आता पत्राचं खरं कारण. रविवारी कर्जतला तुझा सत्कार आहे आणि शाळेतर्फे आभार मानायला माझ्या लेकीला निवडलंय, कादंबरीतल्या समाजाची मुलगी म्हणून. आमची लुप्त होत चाललेली संस्कृती अमर केल्याबद्दल, असं काहीबाही लिहिलेला कागद तिच्या हातात दिलाय. तो ती वाचणार नाही. माइक हातात आला की ती तुला विचारणार आहे, तुमच्या त्या सालात माझ्या नातवंडांची नातवंडं कुठे आहेत? मला तिला अडवता आलं असतं. मी अडवत नाहीये. पण तू माझी मैत्रीण आहेस, चारचौघांत बेसावध सापडू नयेस, म्हणून कळवते. डोळे पुसू नकोस, तिला जवळ घेऊ नकोस, फोटो तर नकोच नको. खरं असेल ते सांग, सुचलंच नव्हतं तर तसं सांग. आणि तिच्या भविष्याची जबाबदारी आपल्यावर आली असं मनात आणू नकोस. काल ती मामाला घेऊन गेली आणि फॉर्म भरून आली, विज्ञानाचाच. तुझ्या उत्तरावाचून तिचं काही अडलेलं नाही. तुझं अडलं असेल तर बघ.

तुझीच, आणि अजून इथेच असलेली,
वनिता