बुश मी बदलले, त्याची हकिकत

तीर्थरूप काकांना पुतण्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचे डोळे आता कसे आहेत? काकूंचा गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही सगळे खुशाल, आणि तुमची गाडीही खुशाल. (हे वाक्य तुम्ही सगळ्यात आधी शोधाल हे ठाऊक आहे, म्हणून वरच घातलं.) तुमच्या तीन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. त्याचं कारण आळस नव्हे, लाज. ती आज एकदाची कागदावर उतरवतो.

दोन महिन्यांपूर्वी गाडी खड्ड्यातून गेली की पुढून ‘ठक्’ असा आवाज यायला लागला. गाडी माझ्या हवाली करताना तुम्ही एकच अट घातली होती, मिस्त्रींशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. म्हणून मिस्त्रींकडे नेली. त्यांनी वाकून पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मला पहार लावून हलवून पाहिलं आणि म्हणाले, “बुश गेलेत सर. सांध्यातलं रबरच ते, वय झालं की चिरतं. गाडी ठेवून जा, आठ दिवसांनी या.” आठ दिवस! काका, मिस्त्रींचे हात हल्ली थरथरतात, आणि मी पडलो भूमिती शिकवणारा माणूस. चार बोल्ट काढायचे, रबर बदलायचं, चार बोल्ट लावायचे, यात आठ दिवस कसले? मी नवे बुश विकत घेतले आणि गाडी घरी आणली.

शनिवारी सकाळी गाडीचं नाक वर उचललं, चाकं काढली. जुने बुश आर्ममध्ये असे रुतून बसले होते की जणू जप्ती आणली तरी घर सोडणार नाहीत. हातोडा झाला, तेल झालं, शेवटी लोखंड कापायच्या करवतीने त्यांच्या बाहेरच्या कड्या चिरल्या. (माझ्या अंगठ्याचाही थोडा भाग चिरला, पण तो मोजत नाही.) नवे बुश आत जाईनात. मग शेजारचे दंतवैद्य मदतीला आले. बुश आत दाबायला ते शिकंजा पिळत होते आणि सवयीने बुशला सांगत होते, “थोडंसंच दुखेल हं.” रविवारी दुपारी सगळं जागेवर बसलं. चाकं हवेत लोंबत असतानाच मी सगळे बोल्ट अंगाचा भार टाकून आवळले आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

इथवर नुसता मूर्खपणा होता. पाप पुढे आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, “दीड दिवसात झालं बरं का!” ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “शेवटी बोल्ट आवळले तेव्हा गाडी जमिनीवर होती ना? हवेत आवळले तर चाकं खाली टेकली की रबराला कायमचा पीळ बसतो. महिन्याभरात फाटतं.”

“जमिनीवरच होती,” मी म्हणालो.

कॉपी करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढणारा मी! त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, “मग छान.” घरी येऊन बोल्ट सैल करून पुन्हा आवळायला वीस मिनिटं पुरली असती. पण तसं केलं असतं तर मी खोटं बोललो हे मलाच कबूल करावं लागलं असतं. नाही केलं.

महिन्याने कळलं की मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं आणि ते तुमच्या गावी मुलीकडे राहायला गेले. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली. गेल्या रविवारी धीर करून गाडीखाली शिरलो. वाटलं, रबर फाटून लोंबत असणार. तर बुश जसेच्या तसे, सरळ! आणि प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ. नीट आवळल्याची ही खूण फक्त मिस्त्रीच करतात.

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही गॅरेजवर जाऊन आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्री आले होते. तुम्ही शाळेत होता. खाली झोपायला मी सतरंजी दिली. उठायला मात्र त्यांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागला. म्हणाले, सरांना सांगू नका, त्यांनी हौसेनं केलंय.”

“आणि तू महिनाभर बोलली नाहीस?”

“शब्द दिला होता. शिवाय तुम्ही रोज जेवताना स्वतःचं कौतुक सांगत होता, मध्ये बोलायला जागा कुठे होती?”

काका, ते त्यांचं आपल्या गाडीवरचं शेवटचं काम, आणि ते त्यांना चोरासारखं करावं लागलं. घरी आलेल्या माणसाला मी साधं ‘या’सुद्धा म्हणालो नाही. हे मनातून जात नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. मिस्त्री तुमच्याकडच्या पोस्टामागे राहतात असं कळलं. मी रविवारी गाडी घेऊन येतो. त्याआधी तुम्ही जाऊन मी खोटं बोललो हे त्यांना सांगाल का? एकटा समोर उभा राहिलो तर पुन्हा काहीतरी थाप मारीन अशी भीती वाटते.

ता. क. २. गाडी जरा डावीकडे ओढते आहे. हे त्यांना माफीचं बोलणं झाल्यावर विचारा. लगेच नको, चहा झाल्यावर. त्यांनी गाडी ठेवून घेतली तर मला माफी मिळाली असं समजेन. परतीच्या बसची वेळ आत्ताच बघून ठेवली आहे.