रावसाहेबांचे टायर

॥ श्री ॥
मांजरी बुद्रुक, पुणे
४ जानेवारी २००२

ती. दादास हेमाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. राधावहिनीच्या गुडघ्याला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे सासूबाईंची तब्येत ठणठणीत आहे. गोदाबाईंपुढे आजारपणाची काय टाप!

आज तुला टायरांबद्दल विचारायचं आहे. आत्ताच हसून घे, मग पुढे वाच. खेड्यातल्या शाळांसाठी आमच्या कंपनीने फिरता संगणकवर्ग सुरू केलाय, तो तुला ठाऊक आहे. बारा संगणक आणि बाकं बसवलेला लांबलचक ट्रेलर आहे. त्याचं पुढचं टोक ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवरच्या लोखंडी ताटात अडकतं. त्या ताटाला आमचा ड्रायव्हर संभाजी पाचवं चाक म्हणतो. मी अर्धा दिवस खरोखरीचं पाचवं चाक शोधत होते.

ट्रेलर जुना घेतला होता, आता मागचे आठही टायर बदलायचे आहेत. आमचे अभिनव साहेब अठ्ठावीस वर्षांचे. टायर इज टायर, हेमाताई, तुम्हीच फायनल करा, असं सांगून ते मीटिंगला गेले. खरेदी विभाग माझ्याकडे आहे, पण टायरातलं मला काय कळतं? तुझी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात टायरांत गेली. काय पाहून घ्यायचे ते सविस्तर लिही.

तीन दुकानदारांची नावं आली आहेत. तिसरं रावसाहेबांचं आहे. होय, तेच.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तेवढं उत्तर लवकर यावं.

तुझी,
हेमा

वर्धा
१२ जानेवारी २००२

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. तुझ्या साहेबाला सांग, टायर म्हणजे टायर असतं तर मी तीस वर्षं हात काळे केले नसते.

ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभा राहून म्हातारा होतो. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून तडकलेलं असतं. म्हणून आधी वय पाहा. बाजूला आठवडा आणि वर्ष सांगणारे आकडे असतात. दोन हजार सालापासूनच्या टायरांवर ते चार असतात, त्याआधीच्यांवर तीन. आकडे घासलेले दिसले तर पुढे काही पाहूच नकोस. रॉकेलचा बोळा फिरव. पॉलिश असेल तर बोळ्यावर उतरेल आणि खालच्या भेगा दिसतील. ट्रेलर भरून काट्यावर ने, वजनाला पुरून वर थोडी ताकद उरेल असेच टायर घे. आठही एका जातीचे, एका वयाचे. जोडीतला आतला टायर वाकून पाहा, फसवणारा नेहमी आत फसवतो.

आता तिसरं नाव. अकरा वर्षांपूर्वी संतोषरावांना टायर विकणारा हाच असेल, तर त्याचं दरपत्रकाचं पाकीट न उघडता परत कर. त्या माणसाची सावलीही नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आहे तेवढी माया पाठवतो आहे.

तुझा,
श्यामदादा

मांजरी बुद्रुक
२० जानेवारी २००२

ती. दादास सा. न. वि. वि.

पाकीट उघडलं, आणि ऑर्डरही त्यांनाच दिली.

रागावण्याआधी सगळं वाच. संतोष आमच्या टेम्पोतून मांजरीची भाजी मार्केट यार्डात नेत होता. नवा म्हणून घेतलेला टायर नवव्या दिवशी फुटला, टेम्पो उलटला, आणि तो जागेवर गेला. हे तुला माहीत आहे. फुटलेल्या टायरावरचा आकडा घासलेला होता, तो तूच मला बोट ठेवून दाखवलास. मग तुझी रजा संपली. साक्ष द्यायला तू थांबला नाहीस. मी कधी बोलले नाही, आज बोलते.

रावसाहेबांनी मात्र साक्ष दिली. संतोष आदल्या संध्याकाळी दुकानात आला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास होता, असं त्यांनी पोलिसांना लिहून दिलं. दादा, संतोष सुपारीही खात नव्हता. पण मांजरीत आजही त्याचं नाव निघालं की पिऊन गाडी चालवायचा म्हणतात. सासूबाईंनी तेव्हापासून गावातल्या एकाही लग्नात पाऊल ठेवलेलं नाही.

परवा ते ऑफिसात आले. पांढरा सफारी, बोटात तीन अंगठ्या, हडपसरला काचेची शोरूम. मला ओळखलं नाही. का ओळखावं? तेव्हा मी पदराआड रडत होते. आता मॅडम, मॅडम म्हणून चहा पुढे करतात. मी हसून चहा घेतला. इतकी गोड मी संतोषशीही कधी वागले नसेन.

मला त्यांचं नुकसान नको आहे. मला त्यांचं तोंड हवं आहे, खरं बोलणारं.

पटत असेल तर लोभ ठेव.

हेमा

वर्धा
२८ जानेवारी २००२

चि. हेमास आशीर्वाद.

टोमणा पोचला. साहेबाने दुसरी रजा नाकारली होती हे खरं, आणि नोकरीवर लाथ मारून मी थांबू शकलो असतो हेही खरं.

पण त्या ट्रेलरात मुलं बसणार आहेत. तुझ्या सुडापायी एकाही पोराला ओरखडा आला तर मी तुझं तोंड पाहणार नाही. वर्कशॉपात माझा एक नियम होता. ज्याने टायर बसवला त्याने चाचणीच्या फेरीत त्याच चाकावरच्या सीटवर बसायचं. माझ्या हाताखाली नट ढिला ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

सांभाळून राहा. रागात असलो तरी तुझाच आहे.

श्यामदादा

मांजरी बुद्रुक
१६ फेब्रुवारी २००२

ती. दादास सा. न. वि. वि.

कुणाला ओरखडा आलेला नाही. ट्रेलर फाटकाबाहेर गेलाच नाही.

सोमवारी टायर आले, पिवळ्या पट्ट्यांत गुंडाळलेले, आरशासारखे काळेभोर. रावसाहेबांची माणसं चाकं चढवून गेल्यावर मी आणि संभाजी रॉकेलचा बोळा घेऊन ट्रेलरखाली शिरलो. बाहेरचे चार खरोखर नवे. आतले चारही म्हातारे! बोळा काळा झाला आणि खाली केसांएवढ्या भेगा दिसल्या. आकड्याच्या जागी गुळगुळीत. अकरा वर्षांत या माणसाने हात बदलला नाही, दादा.

मग अभिनव साहेबांना सगळं दाखवलं, संतोषबद्दलही सांगितलं. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि काय करायचं ते तुम्ही सांगा म्हणाले. मी तुझा नियम सांगितला.

गुरुवारी रावसाहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. हार घातला, नारळ त्यांच्याच हाताने फोडला. कंपनीतली पन्नासेक माणसं खाली उतरली होती. मग मी त्यांना ट्रेलरात नेलं आणि मागच्या चाकांवरचं बाक दाखवलं. वाळूची पोती भरून पूर्ण वजनानिशी दिवे घाट चढायचा आणि उतरायचा, टायर आपले, म्हणून हा मान आपला, असं सांगितलं. संभाजीला मी काय बजावलं होतं ते त्यांना कुठे ठाऊक! त्याने नुसतं इंजिन सुरू केलं.

आधी त्यांना शोरूमला पाहुणे येणार असल्याचं आठवलं. मग रक्तदाब आठवला. मी डॉक्टर बरोबर देते म्हटलं. घाटात चक्कर येते म्हणाले. मी घाट रद्द केला, सासवड फाट्यापर्यंत चला म्हटलं. तेव्हा ते उठून दारापर्यंत आले आणि पायरीवरच अडले, कारण खाली सगळे त्यांच्याकडे बघत होते. सोमवारपासून या बाकावर सातवीतल्या मुली बसणार आहेत, मुलींना चालतं ते आपल्याला का चालत नाही, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

ते घामाने भिजले होते. शेवटी आतले टायर बरोबर नाहीत, संध्याकाळपर्यंत बदलून देतो, असं पुटपुटले. अभिनव साहेबांनी ते पुन्हा, मोठ्याने बोलायला लावलं. ते बोलले. मग मी माझं नाव सांगितलं. मांजरीच्या संतोषची बायको म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

त्या रात्री मला पोटभर झोप लागली. तुझा राग उतरला असेल तर दोन ओळी लिही.

हेमा

वर्धा
२३ फेब्रुवारी २००२

चि. हेमास अनेक आशीर्वाद.

पत्र राधाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पायरीचा भाग तीनदा वाचायला लावला.

सोबत माझी सही केलेला कागद आहे. अकरा वर्षांपूर्वी त्या टायरावर काय पाहिलं ते त्यात लिहिलंय. पोलिसांत, कोर्टात, कुठेही बोलाव, मी येतो. आता रजा मागायला साहेब उरलेला नाही. उशीर झाला. पोटात घाल.

तुझा,
दादा

मांजरी बुद्रुक
३ मार्च २००२

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला. वाचून रडले, आणि मनातलं एक भांडण संपवलं.

चारही टायर कंपनीत कुलपाखाली ठेवले आहेत. दुसऱ्या दुकानातून नवे घेतले, तुझ्या सगळ्या परीक्षा घेऊन. शुक्रवारी तुझ्या कागदाची प्रत जोडून पोलिसांना आणि टायर बनवणाऱ्यांना तक्रार पाठवली. शनिवारी रावसाहेब घरी आले. तक्रार करू नका, एजन्सी जाईल, हवं ते करतो, असं हात जोडून म्हणाले. मी कुठलंच वचन दिलं नाही. फक्त आत माझ्या सासूबाई बसल्या आहेत, संतोषबद्दल काय खोटं लिहून दिलंत ते त्यांना सांगा, एवढंच म्हटलं. तक्रार आदल्या दिवशीच गेली होती हे त्यांना सांगितलं नाही. तुला हे आवडणार नाही. मला आवडलं.

सासूबाई लसूण सोलत होत्या. तुमचा मुलगा प्यायलेला नव्हता, मी स्वतःला वाचवायला खोटं बोललो, असं ते खाली मान घालून म्हणाले. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. त्यांनी हातातली पाकळी सोलून संपवली. मग मला एकटीला सांगून काय उपेग, मला तर पहिल्यापास्नं ठावं हाय, गाव बाहेर हाय, असं म्हणून त्या उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

दादा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई त्यांना घेऊन दारोदार गेली. प्रत्येक उंबऱ्यापुढे थांबायचं, घरातल्या माणसांना बाहेर बोलवायचं, आणि रावसाहेबांकडे बघून, सांगा, एवढंच म्हणायचं. पहिल्या घरी त्यांचा आवाज फुटेना, तर ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा बोलायला लावलं. तेरा घरं झाली. मी मागून चालत होते. त्यांच्या सफारीला घामाचे डाग पडले होते आणि पोरंटोरं गोळा झाली होती. सातव्या घरी मला त्यांची कीव आली. सासूबाईंना आली नाही.

तिन्हीसांजेला त्यांचे पाय दुखायला लागले तेव्हा कुठे त्या थांबल्या. रावसाहेबांनी झालं का, असं विचारलं. कालव्यापलीकडची आळी राहिली आहे, तिथे संतोषचे सगळे मित्र राहतात, उद्या सकाळी नऊला या, असं सासूबाईंनी बजावलं.

आज ते पावणेनऊलाच येऊन ओट्यावर बसलेत. सासूबाई मुद्दाम सावकाश वेणी घालताहेत.

वहिनीला नमस्कार. अशीच माया राहू दे.

तुझी,
हेमा