बँकॉक, हनोई आणि दुसरं तिकीट

रिठद, ता. २४ सप्टेंबर २०२५

ती. गोजराबाईस,
धाकट्या सोजरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि तुला काही ऐकू येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. इकडे सगळे खुशाल. सोयाबीन सोंगायला आलं आहे, मजूर मिळत नाहीत आणि यांची कंबर नेमकी आताच धरली आहे.

बातमी अशी की आपल्या ऋषिकेशच्या रिसोडच्या कृषी केंद्रानं यंदा पहिल्यांदा बियाण्याच्या कंपनीचं टार्गेट गाठलं. बक्षीस म्हणून जानेवारीत परदेशाची सहल, दोन तिकिटं. बँकॉक नाहीतर हनोई, यातलं एक दिवाळीच्या आत कळवायचं. त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं. म्हणाला, आमी सारे दुकानदार बँकॉकलेच चाललो, मोठं हॉटेल हाय, खरेदीले बाजार हाय, हनोईत हाय तरी काय! दुसरं तिकीट त्याच्या दोस्ताला, किसनसिंगला.

तेवढ्यात योगिनी बोलली. सून एरवी अशी मध्ये पडत नाही. भाकरी थापता थापता म्हणाली की हनोईत शहराच्या मधोमध तलाव आहे, तलावात देऊळ आहे आणि तिथे लाल पुलावरून जातात. जुन्या भागात एकेका धंद्याची एकेक गल्ली, बाया खांद्यावर कावड घेऊन भाजी विकतात, आणि जानेवारीत स्वेटर लागतो. बँकॉकला मात्र थंडीतही घाम निघतो. पण तिथे नदीतून एसटीसारख्या बोटी चालतात आणि झेंडूचा एवढा मोठा बाजार भरतो की आपला दसऱ्याचा बाजार त्यापुढे काहीच नाही. मी थक्कच झाले. हे तुला कुठून गं कळलं म्हटलं, तर म्हणाली, कंपनीचा कागद आला त्याले महिना झाला, तवापासून फोनवर वाचून राह्यली. आणि मान खाली घालून भाकरी उलटली.

ऋषिकेश गावोगाव फिरतो तेव्हा गल्ल्यावर तीच बसते. तिला जायचं आहे, हे मला दिसतं. पण पुरुषांच्या सहलीत सुनेला न्या, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तू मोठी आहेस, काय करू ते कळव.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
सोजर

कारंजा लाड, दसरा, ता. २ ऑक्टोबर

चि. सौ. सोजर हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझे कान गेले खरे, पण तुझ्या घरात तरी कोणाला ऐकू येतं?

तुझे दाजी सोबत्यांबरोबर काठमांडूला गेले होते, आठवतं? आठ दिवस खपून मी लाडू-चिवड्याचे डबे भरून दिले. परत आल्यावर विचारलं, कसं आहे हो ते शहर? म्हणाले, चांगलं हाय. एवढंच. पुढच्या साली तुले नेतो म्हणाले आणि पुढच्या साली ते स्वतःच राहिले नाहीत. त्यांनी आणलेली शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही. राग त्यांच्यावर नाही गं, माझाच मला येतो. मलाही यायचं आहे, एवढं तोंडातून काढायला काय झालं होतं?

आता कामाचं. दुकान उघडलं तेव्हा ऋषिकेश बी.ए. होता. लायसनला लागणारी शेतकीची पदवी योगिनीची. तिचं सर्टिफिकेट आणायला तिच्या माहेरी तुझ्यासोबत मीच आले होते. मग लायसन कोणाच्या नावानं निघालं? गल्ल्यामागे काचेत लावलेला तो कागद सहा वर्षं नुसता उदबत्तीचा धूर खातो आहे. चष्मा लावून वाच आणि मग त्याला वाचायला लाव. तुझ्या यांनी कंबरेला एरंडाचं तेल चोळावं.

पोरीच्या पाठीशी उभी राहा. तुझी,
गोजराबाई

रिठद, ता. १२ ऑक्टोबर

ती. गोजरामावशीस,
ऋषिकेशचा शि. सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितो आहे म्हणजे काहीतरी अडलं आहे, हे तू ओळखलंच असशील.

परवा दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी असताना आई आली आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिनं मला लायसन मोठ्यानं वाचायला लावलं. नाव योगिनीचं. मी म्हटलं, हे नुसतं कागदापुरतं आहे. ते पटवायला कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, तिकीट लायसनवाल्याच्याच नावानं निघेल आणि दुसऱ्या तिकिटावर त्या ज्याला नेतील तो. किसनसिंगनं नवी बॅग आणून ठेवली होती. 

मावशी, मला फार लाज वाटली. दुकान मी चालवतो असं मी गावभर सांगत होतो. योगिनीला म्हटलं, जायचं होतं तर बोलली काहून नाही? ती म्हणाली, तुमी इचारलं कधी?

मग मी शटर अर्धं ओढलं आणि विचारलं. ती तासभर बोलत होती. सहा वर्षांत मी तिला इतकी खुशीत पाहिली नव्हती. दोन्ही शहरांचं खाणं, हवा, फिरणं, सारं तिला तोंडपाठ. शेवटी हनोई म्हणाली. बँकॉकची नदी मले जास्त आवडली असती, पण तिथं तुमचे दहा दोस्त राह्यतीन आणि तिथंही चहाचं मलेच पाहा लागन, असं तिनं सरळ तोंडावर सांगितलं. 

शहर ठरलं, कंपनीला कळवलं. दुसऱ्या तिकिटाचं मात्र ती काही बोलत नाही. आईनं आपले गुडघे आता बरे असल्याचं दोनदा सुचवून पाहिलं. तुझा शब्द योगिनी मोडत नाही, तेव्हा माझ्यासाठी एक शब्द टाक ना. मला तिच्यासोबत जायचं आहे. हे असं लिहायलाही मला पत्राचा आधार लागला.

उद्या तिच्या पासपोर्टच्या कामाला आम्ही अकोल्याला जातो आहोत. मीही माझा फॉर्म भरू का, असं आज भीत भीत विचारलं. ती म्हणाली, भरून ठेवा, पाहू.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
ऋषिकेश