पडवीतली सीएनसी

११ जानेवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या नोंदी पुढे लागतात.
भंगारातलं मिलिंग मशीन आणून दीड वर्ष झालं. मोटारी, कंट्रोलर, जुना लॅपटॉप जोडून मी त्याची घरच्या घरी सीएनसी केली, म्हणजे लॅपटॉपवर चित्र द्यायचं, मशीन आपोआप कोरणार. अख्ख्या अष्टमी गावात अशी कोणाकडे नाय. रोह्यात चौकशी केलेली नाही. आता फक्त चाचणी.
अनिताचे बाबा, काळुराममामा, माघी गणपतीला हमरापूरहून जेवायला येतायत. त्यांचा गणपतीचा कारखाना. मशीनने गणपती कोरून दाखवला तर साच्यांचं सगळं काम जावयाला, असं ते स्वतः म्हणालेत. नाय जमलं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार आणि पडवी मोकळी होणार, असं अनिता म्हणाली. बायकोचा विश्वास कमी पडतो.
कंपनीचा राजीनामा लिहून ठेवला. तारीख तेवढी घालायची.

१३ जानेवारी, मंगळवार
पहिली चाचणी. मशीन चालू केलं आणि गल्लीतली लाइट गेली. योगायोग. शेजारच्या काशीबाई ओरडल्या, मेल्या, माझी मालिका चालू होती. विज्ञानाला विरोध होतोच.

१७ जानेवारी, शनिवार
दुसरी चाचणी. टेबल सुसाट निघालं ते थांबेचना. लाल बटण दाबलं. ते जोडायचं राहिलंय हे मग आठवलं. प्लग उपटला. भिंतीचं प्लास्टर गेलं, पण ते तसंही पोकळ होतं. मोटारींत ताकद भरपूर आहे हे सिद्ध झालं. चाचणी यशस्वी.

१८ जानेवारी, रविवार
स्पिंडलला, म्हणजे पातं फिरतं तिथे, बॉलपेन बांधून कागदावर गोल काढला. गोलच आला. मग चौकोन. तोही चौकोनच. डोळ्यांत पाणी आलं. अनिता म्हणाली, माझं नाव काढून बघा की. मी म्हटलं, मशीन भावनेवर चालत नाय, गो. ती न जेवता झोपली. उद्यापासून बायकोशी गोड बोलायचं.

१९ जानेवारी, सोमवार
गोड बोलणं राहिलं. सेकंड शिफ्ट होती.

२२ जानेवारी, गुरुवार, माघी गणपती
रजा टाकली. सकाळीच मशीनवर सागवानाची फळी लावली. जेवणवेळेपर्यंत मशीन एकदाही अडलं नाही. मामा आले, अनिता आली, काशीबाई मालिका सोडून आल्या. भुसा फुंकला. गणपती. कान, मोदक, उंदीर, सगळं जागच्या जागी. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, माझ्यासाठी.
मग म्हणाले, जावईबापू, सोंड उजवी आली.
लॅपटॉपवर डावी आहे. म्हणजे एका मोटारीच्या वायरी उलट्या लागल्या आणि सगळं आरशात बघितल्यासारखं निघालं. पाच मिनिटांचं काम, लगेच बदलतो, म्हटलं. पण काशीबाईंनी हात जोडलेही होते. चित्रात डावी आणि माघीच्या दिवशी आपसूक उजवी वळली, हा कडक देव हाय, सोताहून आलाय, म्हणाल्या. मी वायरींचं समजावायला गेलो. अनिता म्हणाली, देवासमोर वाद घालू नका.

२३ जानेवारी, शुक्रवार
भंगारवाला आला. अनिताने त्याला चपला बाहेर काढायला लावल्या. नमस्कार करून, प्रसाद घेऊन गेला. मशीन वाचलं. मी जिंकलो.
फक्त अनिता आणि काशीबाई मशीनवरची फळी हलवू देत नाहीत, देव आला तिथेच राहणार. वायरी बदलल्या तर सोंड फिरवल्यासारखं होईल, म्हणून त्याही नाय. मामांचा फोन आला. म्हणाले, साचे हातानेच बरे चाललेत, उजव्या सोंडेचं सोवळं कारखान्यात कोण पाळणार? मोठा निर्णय, वेळ लागतो.

२७ जानेवारी, मंगळवार
मशीनला तोरण. घरात मासळी बंद. ऑइलचे हात म्हणून मला पडवीत मनाई, दर्शन घ्यायचं तर आंघोळ करून. संध्याकाळी रोह्याहूनही बाया आल्या. काशीबाई सांगत होत्या, देव पावणारा हाय, मागाल ते देतो.
आंघोळ केली. रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर नवस बोललो, देवा, हे मशीन एकदा चालू होऊ दे.